मनातला नवस

पालखी विमलाच्या अंगणात टेकली आणि ढोल थांबले. शिमग्यात देवी दारोदार फिरते, पण या घरी ती यंदा जरा जास्तच रेंगाळणार हे वाडीला ठाऊक होतं. पोरगा घरी होता ना! सर्वेश ओटीवर खुर्चीत बसला होता, उजवा पाय समोरच्या स्टुलावर लांब सोडून.

गाऱ्हाणं घालावं ते महिपत गुरवांनीच. एरवी त्यांच्या गाऱ्हाण्यात देवीची राखण गावापासून सुरू व्हायची आणि मुंबईला संपायची, कारण वाडीतले पुरुष तिथंच कामाला. या एका पोरानं मात्र देवीची हद्दच वाढवून ठेवली होती. आधी गोवा, मग नेपाळ, मालदीव, ढाका आणि शेवटी मस्कत. फुटबॉलचा क्लब बदलला की गुरव आधी देशाचं नाव विचारून घ्यायचे. नाहीतर देवी बिचारी जायची कुठं?

"बा आई नवलाई," गुरवांनी हात जोडून आवाज चढवला, "तुझं लेकरू देशोदेशी चेंडू खेळून सुखरूप घराकडं आलाय..."

'सुखरूप'वर त्यांची जीभ अडखळली. पण गाऱ्हाणं मध्येच थांबवता येत नाही.

"व्हय म्हाराजा!" वाडीनं साथ दिली.

विमलानं ओटी भरली, नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला. "नवस व्हता, फेडला," ती पुटपुटली आणि मागं सरकली.

"आगो, असा कसा फेडला?" गुरवांनी अडवलं. "काय बोलली व्हतीस?"

"मनात बोलले व्हते, भावोजी."

"मनातला नवस तोंडानं सांगितल्याबिगर सुटत नाय, वयनी. तुला काय नवीन हाय?"

नवीन कसलं! लग्न होऊन आल्यापासून ती हेच बघत आली होती. कुणाला नातू हवा असायचा, कुणाला नोकरी. मिळालं की हसत हसत चारचौघांत सांगायचं, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तिनं लेकाकडं बघितलं.

"सांग की आये," सर्वेश हसत म्हणाला. "मोठा कप मिळूदे म्हणालीस काय?"

लोक हसले. विमलाला हसू आलं नाही.

"पुढल्या वर्षी बघू, भावोजी."

"नवस पावला आनि फेडायला पुढलं वरीस? बोल बाय, देवी खोळंबलीय."

विमलानं पालखीच्या दांड्याला हात लावला. बोलली ती खाली बघतच.

"म्हटलं, माझं पोर घराकडं आण. परत जाया देऊ नको. कसाबी आण, पन आण."

कुणीही 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. सगळ्यांची नजर सर्वेशच्या गुडघ्यावर गेली. दोन ऑपरेशनं झाली होती. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, नीट चालला तरी नशीब समजा, फुटबॉलचं नाव काढू नका.

"कंदी बोललीस?" सर्वेशनं विचारलं.

"गेल्या शिमग्यात. हितंच." तिनं दांड्यावरचा हात काढून घेतला. "मी खाल्ला रे तुझा पाय. मीच खाल्ला."

सर्वेश काठी घेऊन उठला. कुणी धरायला गेलं नाही, त्याला ते आवडत नसे. दात आवळून तो पायरी उतरला आणि पालखीसमोर येऊन उभा राहिला.

"आये, गुडघा त्याच्या आधीच गेला व्हता. ढाक्याला असताना, माघात. तुला मुद्दाम सांगितला नाय. डाक्टर तवाच म्हणाला, फार तर वरीसभर खेळशील, मग घरी जा. तुझ्या नवसानं काय झालेला नाय." त्यानं गुरवांकडं मान वळवली. "काका, तुम्हाला सांगितला व्हता ना मी?"

खोटं! धडधडीत खोटं, आणि तेही देवीच्या तोंडावर. यंदाच्या मार्गशीर्षात मस्कतच्या मैदानावर तो कोसळला, तोवर त्याच्या गुडघ्याला साधं खरचटलंही नव्हतं. ती मॅच अख्ख्या वाडीनं देवळात बसून मोबाईलवर बघितली होती. विमला तेवढी नव्हती. तिला पोर पडलेलं बघवायचं नाही, म्हणून ती कधीच मॅच बघायला यायची नाही.

गुरवांनी देवीकडं बघितलं, मग पोराकडं. उभ्या जन्मात त्यांनी पालखीसमोर खोटा शब्द काढला नव्हता. त्यांनी घसा खाकरला आणि हात जोडले.

"बा आई, पोर म्हणतंय ता खरा हाय. त्याच्या आईकडं कसलाच दोष नाय..."

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली. एरवीपेक्षा मोठ्यानं ओरडली. शेजारची शकू तेवढी पदर तोंडाशी धरून गप्प उभी होती.

ढोल वाजले, पालखी खांद्यावर चढली आणि माणसं पुढच्या घराकडं निघाली. सर्वेश पायरीवरच बसला. त्याला बरं वाटत होतं. निदान एवढं तरी आपल्याला जमलं, असं वाटत होतं.

विमला येऊन शेजारी बसली. त्याचा पाय तिनं हळूच मांडीवर घेतला आणि गुडघ्यावरच्या टाक्यांवरून हात फिरवत राहिली.

"त्या दिवशी मी शकूच्या फोनात बघितली मॅच," ती म्हणाली.

सर्वेशनं वळून बघितलं नाही.

"पडंपर्यंत धड पायानं धावत व्हतास. आवाज नव्हता फोनाला. पन तू पडलास तवा तोंड दिसला तुझा." तिचा हात थांबला. "आये म्हणालास."