विषम आकडे

लोर्नाची गोल्फची बॅग बॅटरीच्या गाडीवरून गुरगुरत पुढे चालली होती. नेट्टानं आपली खांद्यावर टाकली होती. समुद्रावरून आडवा वारा येत होता, त्यामुळे दोघी बहिणी साधं बोलायचं तरी ओरडूनच बोलत होत्या.

“अजून त्याच सात काठ्या?” लोर्नानं विचारलं.

“त्याच.”

“बरं करतेस बाई. माझ्या चौदा आहेत, आणि खरं सांगू, निम्म्या तर मी बाहेरही काढत नाही. तुझ्यामाझ्यासारख्या हौशी बायकांना सात खूप झाल्या. बाकी सगळा मिरवायचा सोस.”

नेट्टा हसली. सकाळी लोर्ना एडिंबराहून अचानक दारात येऊन उभी राहिली होती. “चल, खेळून येऊ. आई गेल्यापासून तू घराबाहेर पडली नाहीस,” म्हणाली, तेव्हा नेट्टाला भरून आलं होतं. शिजत आलेलं सूप तसंच झाकून ती निघाली होती.

बाबांनी आपल्या नंबरच्या लोखंडी काठ्या दोघींत वाटून दिल्या होत्या. तीन, पाच, सात, नऊ थोरलीला. चार, सहा, आठ धाकटीला. लांब मारायची, वाळूतली आणि खळीत ढकलायची या बाकीच्या तीन ज्याच्या त्याच्या. पाचनं चेंडू लांब जातो, सातनं अलीकडे पडतो, मधल्या अंतराला सहाच लागते. ती हवी असेल तर बहिणीपुढे हात पसरायचा. “म्हणजे कितीही भांडलात तरी खेळाल एकत्रच,” बाबा म्हणायचे. लग्न होऊन लोर्ना गेली ती चार-सहा-आठ घेऊन. नेट्टा शाळेच्या स्वयंपाकघरात राबली, आईचं उठणंबसणं, पुसणंधुणं केलं आणि शनिवारी या मैदानावर विषम आकड्यांनी खेळत राहिली. सहा नंबरची काठी गावातल्या दुकानात मिळत होती. पण ती आणावी असं तिला कधी वाटलं नाही. ती लोर्नाची होती.

“बाबांची सहा कुठंय गं?” तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कुठली? अगं, ती! ती कधीच दिली देऊन. गॅरेज आवरलं ना, तेव्हा जुन्या कपड्यांबरोबर गेली. का? तुला हवी होती? मग घ्यायचीस की एखादी विकत!”

“हो,” नेट्टा म्हणाली. “घ्यायला हवी होती.”

समुद्राच्या कडेनं पार टोकापर्यंत गेलेलं मैदान तिथून परत गावाकडे वळतं. काटेरी पिवळ्या झुडपांचा पट्टा ओलांडला की आधी चर्चचा मनोरा दिसतो, मग दगडी कुंपणापलीकडे नेट्टाचं घर.

वरच्या मजल्यावरची आईच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती.

नेट्टा थांबली. खिडकीत एक माणूस वाकून चौकटीला मापाची फीत लावत होता. खाली परसात लाल कोटातली एक बाई लसणीच्या पातीतून चालत होती.

“लोर्ना, आईच्या खोलीत कोणीतरी आहे.”

लोर्ना गवतात आपला चेंडू शोधत होती. चेंडू तिच्या पायापाशीच होता.

“लोर्ना.”

“नुसते घर बघायला आलेत गं. ग्लासगोचं जोडपं आहे, फार चांगली माणसं. तू घरी नसलीस तर तुला कमी त्रास होईल, असं वाटलं मला.”

“आत कशी गेली?”

“आईची किल्ली माझ्याकडेच राहिली होती ना.”

“म्हणून आज खेळायला.”

“असं काय बोलतेस? मलाही यायचंच होतं की तुझ्याबरोबर.” लोर्ना जवळ आली. तिनं नेट्टाच्या दंडावर हात ठेवला. “घर दोघींच्या नावावर आहे, कधीतरी हे करावंच लागणार. आणि एकट्या बाईला एवढ्या खोल्या लागतात कशाला? स्टेशनजवळ छोटे फ्लॅट झालेत, किती छान आहेत! तुझ्या गरजा मुळातच कमी. मला तर हेवाच वाटतो तुझा.”

मागे दोन म्हातारे खेळाडू खोळंबले होते. त्यांतला एक उगाचच मोठ्यानं खाकरला.

चेंडू नेट्टाला मारायचा होता. तिनं खळीवरच्या झेंड्याकडे पाहिलं. अंतर नेमकं पाच आणि सातच्या मधलं होतं. लोर्नाच्याही ते लक्षात आलं. तिनं आपल्या बॅगेतून चकचकीत सहा नंबर ओढून काढली आणि पुढे केली.

“ही घे माझी. घे ना गं!”

नेट्टानं ती घेतली नाही. पाच नंबर काढली, मुठीची जागा सोडून हात पार खाली, लोखंडापर्यंत सरकवले, आणि निम्माच झोका घेतला. चेंडू वाऱ्याखालून जमिनीलगत गेला, अलीकडेच टेकला, घरंगळत चढावर चढला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. मागचे म्हातारे एकमेकांकडे बघून पुटपुटले.

“बघ!” लोर्ना म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता. “तुझं कधी काही अडलंय का?”

नेट्टा झेंड्याकडे बघत नव्हती. खिडकीतल्या माणसानं माप घ्यायचं थांबवलं होतं. त्यानं फटका पाहिला होता. अर्धा बाहेर वाकून तो टाळ्या वाजवत होता. वाऱ्यामुळे आवाज पोचत नव्हता. नुसते तळहात एकमेकांवर आपटताना दिसत होते. लोर्नानं त्याला हात केला. त्यानंही केला. मग त्याला गार लागलं असावं. त्यानं खिडकीची सरकती काच खाली ओढली आणि आतून लावून घेतली.