दोन घरं उजळ

बसथांब्याच्या काचेवरचं पोस्टर पाहिलं आणि फोटो स्टुडिओतला कारागीर ते पुन्हा वरपासून वाचू लागला.

पोस्टर त्याच्याच हातचं होतं. वर ठळक अक्षरांत 'हरवली आहे', मधे दहा वर्षांच्या मुलीचा चेहरा, खाली वर्णन : निळा फ्रॉक, डाव्या भुवईवर व्रण. फोटोतल्या चेहऱ्यावर मात्र व्रण नव्हता. चेहरा तर दुधात धुऊन काढल्यासारखा होता.

स्टुडिओत याला 'नेहमीचं' म्हणत. कुठलाही चेहरा पडद्यावर आला की आधी डाग पुसायचे, मग पट्टीवरचा बाण दोन घरं उजेडाकडे सरकवायचा. गिऱ्हाईक सांगत नसे, कारागीर विचारत नसे. लग्नाचे, नोकरीच्या अर्जाचे, भिंतीवर लावायच्या गेलेल्या माणसांचे, सगळे फोटो याच वाटेने जात. बावीस वर्षांत 'मी आहे त्याहून उजळ आलो' अशी तक्रार घेऊन एकही माणूस काउंटरशी आला नव्हता. परवा मुलीचा बाप समोर उभा होता, कारागिराला गलबलून आलं होतं. आणि तेवढ्यात हाताने आपलं काम उरकून टाकलं होतं. रंग कुठला लिहायचा, असं विचारल्यावर बाप म्हणाला होता, "काळा." कोणाच्या लेकीबद्दल असं लिहिणं बरं दिसत नाही, म्हणून कारागिराने 'गव्हाळ' टाइप केलं होतं.

दोन दिवस सगळं शहर जगात नसलेली मुलगी शोधत होतं.

तो स्टुडिओत धावतच शिरला आणि मूळ फोटो उघडला. काळाभोर, खळखळून हसणारा चेहरा. पुढचा एक दात अर्धा. व्रण जागच्या जागी. त्याने एक प्रत काढली.

"सकाळी सकाळी घाम कसला पुसताय?" मालकीणफोनवरच्या बाईंनी विचारलं.

त्याने सांगितलं.

"व्रणसुद्धा पुसलात? अहो, पोरगी काय लग्नाला उभी होती?" मग बाईंनी मूळ फोटो पाहिला आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "जाऊ दे. त्या लोकांचे फोटो मुळातच अंधारात काढल्यासारखे. तुम्ही तरी काय करणार?"

दहाच्या सुमारास बाप आला. बसचा ड्रायव्हर, अंगावर खाकी, दाढीचे खुंट वाढलेले. पोस्टरं संपली होती, आणखी दोनशे हवी होती. कारागिराने दोन्ही फोटो काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

"दादा, माझ्या हातून मोठी चूक झाली."

ड्रायव्हरने दोन्हींकडे पाहिलं. "ठाऊक आहे. घरी नेलं तेव्हा बायकोने विचारलं, ही कोणाची?"

"मग बोलला का नाहीत? तेव्हाच बदललं असतं!"

"तुमच्याकडे यायच्या आधी हा लावून झाला होता, साहेब." त्याने काळ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "डेपोतल्या मशीनवर शंभर प्रती काढल्या, स्वतः फिरून चिकटवल्या. एक फोन नाही. चौकीतले म्हणाले, तुमच्यात पोरं जातात, येतात, वाट बघा. तुमचा लावल्यापासून एकतीस फोन आले. चौकीतून गाडी सुटली. एक आजीबाई तर फोनवर रडल्या."

"पण ते फोन तिच्यासाठी नव्हते ना?"

"नव्हते," ड्रायव्हर म्हणाला. "पण आले."

मालकीणबाई उगाचच टेबल पुसू लागल्या. कारागिराला वाटलं, आपण हट्ट धरावा, खराच छापावा. मग ते डेपोतले शंभर कागद त्याच्या डोळ्यांपुढे आले.

"कुठला छापू?"

"हाच," ड्रायव्हर म्हणाला. बोट गोऱ्या चेहऱ्यावर होतं, पण त्याने तिकडे पाहिलं नाही.

मशीन घरघरू लागलं. पहिला गोरा चेहरा बाहेर सरकला, त्यामागून दुसरा. इतक्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. इंजिनाशेजारी बसून त्याचे कान गेले होते. तो फोन स्पीकरवरच घेई.

"भाऊ, सापडली का हो तुमची छकुली?" बाईचा आवाज होता, मायेने ओथंबलेला. "आमच्या दुकानासमोरच्या खांबावर फोटो आहे. काय गोड चेहरा! दोन दिवस घास उतरत नाही मला."

"नाही, ताई. अजून नाही."

"सापडेल हो, धीर सोडू नका. काल तर माझ्या काळजात धस्सच झालं. निळ्या फ्रॉकची एक येऊन पायरीवर बसलेली. भुवईवर खूणसुद्धा तशीच."

कारागिराने मशीन बंद केलं. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी फोन धरला.

"कुठलं दुकान, ताई? कुठे आहे दुकान?"

"अहो, तुमची नव्हे ती! उगाच आशा नका लावून घेऊ. ती काळी होती. गिऱ्हाइकांच्या पायात येत होती, म्हणून मीच उठवलं तिला."

"कुठे गेली?"

"कोण?" बाईंनी विचारलं.