दार नसलेली चौकट

सीमा खुली झाली त्या वर्षी स्लोव्हेनियातला विंको आणि पलीकडच्या ऑस्ट्रियातल्या गावचा एगॉन या दोन सुतारांनी सीमेवरचं ओकचं झाड दोन्हीकडून करवत ओढून पाडलं, आणि द्राक्षमळ्यातल्या पायवाटेवर त्याची भलीथोरली चौकट उभी केली. दार नसलेली चौकट, हेच स्मारक. उरलेल्या फळ्या एगॉन घेऊन गेला.

"दार बसवायचं नाही, मग ही खाच कशाला पाडलीस रे?" विंकोनं तेव्हा विचारलं होतं.

"असू दे, शोभेला!" म्हणत एगॉननं वाइनची बाटली त्याच्यापुढे केली होती.

आज आठ वर्षांनी सीमेवर पुन्हा तपासणी सुरू झाली. विंको धापा टाकत चौकटीपाशी पोचला, तर एगॉन दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू आवळत होता.

"वरून हुकूम आलाय बाबा. माझ्या हातात काय आहे?"

विंकोनं दार लोटलं. खाचेत ते असं बसलं, की केसाएवढी फट उरली नाही. त्यानं लाकडावरून हात फिरवला. तेच ओक होतं, चौकटीइतकंच काळवंडलेलं.

"एगॉन, हे दार केलंस कधी?"

"चौकटीबरोबरच," मान वर न करता एगॉन म्हणाला. "एवढं चांगलं लाकूड वाया थोडंच घालवायचं!"