बांधावरचा पाला

शहरातल्या भाजीवर काय फवारतात कोण जाणे, म्हणून पोटुशी दिशा मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची पोपटी खायला माहेरी आली होती. तिच्या बापाने, महिपतीने, यंदा वालावर थेंबभरही औषध मारलं नव्हतं. सांजेला तो रोह्याहून परतला, तेव्हा जाळातून काढलेलं मडकं तिने नुकतंच उघडलं होतं. शेंगांभोवती भरलेल्या रानटी भांबुर्डीच्या पाल्याचा वास दरवळला, तसा तो पुढे झाला. "पाला कुठला गो?" "आपल्याच बांधावरचा. हिरवागार हाय." त्याच बांधावर परवा त्यानेच तणनाशक मारलं होतं, पाला पिवळा पडायला अजून वेळ होता. दिशाने शेंग सोलली. महिपतीने तिच्या हातावर फटका मारला आणि मडकं लाथेने उडवलं. "बाबा, झालं काय?" त्याचे डोळे समोरच्या आळीवर होते. चार अंगणांत पोपटीचा धूर निघत होता. भांबुर्डी तोडताना बांध कुणाचा, हे गावात कुणी विचारत नाही.