बेटाकडची डिश

मीटरची सुई काही हलेना. तंत्रज्ञाने हँडल फिरवून डिश केसभर डावीकडे नेली, मग उजवीकडे. हेडफोनमध्ये नुसती खरखर. वादळ रात्रीच ओसरलं होतं, पण बेटाचा आवाज परतला नव्हता. बेटावरच्या केंद्रात त्याची मुलगी कामाला होती.

बेटावरच्या एका बोटमिस्त्रीशी तिने लग्न ठरवलं, तेव्हा "तिकडे गेलीस तर परत माझ्या दारात येऊ नकोस," असं तो बोलून बसला होता. ती गेली. ताठा दोघांचाही एकाच घरातला, मग काय विचारता. तेव्हापासून रोज सकाळी बापलेक याच लाइनवर बोलत, ते एवढंच: "बेट केंद्र, सिग्नल कसा आहे?" "ठीक आहे, मुख्य केंद्र." तेवढ्यासाठी तो दाढी करून येतो, हे केंद्रातल्या जनरेटरवाल्याने केव्हाच ओळखलं होतं.

बेट क्षितिजाच्या पलीकडे होतं. लहरी सरळ रेषेत तिथवर पोचत नसत, म्हणून दोन्हीकडच्या डिश एकमेकींकडे बघतच नसत. दोघी समुद्रावरच्या हवेच्या एकाच तुकड्याकडे तोंड करून असत. इकडून पाठवलेल्या लहरी तिथे विखुरत, बहुतेक वाया जात, आणि चिमूटभर पलीकडे उतरत. त्या चिमटीवर सगळ्या बेटाचं बोलणं चाले. वाऱ्याने डिश हलून संपर्क तुटला, तर नियम साधा होता. बेटाने थांबायचं, मुख्य केंद्राने शोधायचं. दोघंही शोधत सुटले तर चुकामूक ठरलेली.

"वरखाली करून पाहिलंत का, अप्पा?" जनरेटरवाल्याने विचारलं.

"वरखालीचे बोल्ट मी स्वतः आवळलेत. ते हलायचे नाहीत."

"तुमच्यासारखेच. मोडेन पण वाकणार नाही."

एरवी तो हसला असता. दुपार टळली तरी सुई जागची हलली नाही. मुलीचं घर अगदी किनाऱ्याला होतं. ते राहिलं की गेलं, ती आहे की नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

"ती एका जागी थांबलीच नसणार," तो शेवटी म्हणाला. "लहानपणी बाजारात हरवली तरी उभी राहायची नाही, आम्हालाच शोधत सुटायची. आत्ताही तिकडे डिश फिरवत बसली असेल." त्याने हँडलचा खटका लावला. दोघांपैकी एकाने तरी थांबायला हवं होतं. नियम मोडून तो थांबला.

ऊन उतरलं तशी सुई थरथरली. खरखरीतून बारीक आवाज आला.

"मुख्य केंद्र, ऐकू येतंय?"

"येतंय. सगळे सुखरूप?"

"माणसं सुखरूप. आमच्या घराचं छप्पर गेलं."

त्याच्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर रागही आला. "मग थांबायचा नियम ठाऊक नाही का? दिवसभर डिश फिरवत काय बसलीस?"



"मी सकाळपासून थांबलेच होते," ती म्हणाली. "पाणसळ लावून डिशची पातळी पाहिली, बोल्ट आवळले आणि थांबले. तुम्ही शोधत याल म्हणून. इकडची सुई मधूनमधून जराशी थरथरायची, तीही थांबली, तेव्हा कळलं, तुम्ही काही येत नाही. मग मीच शोधत निघाले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शेवटी वर पाहिलं. तुमची डिश वर कललीय, बाबा."

'बाबा' हा शब्द त्या लाइनवर आजवर आला नव्हता. तो खिडकीपाशी गेला. जनरेटरवाला बाहेर डिशला पाणसळ लावून उभा होता. त्याने नुसती मान हलवली. बुडबुडा पार कडेला गेला होता.

"इतक्या वरून आवाज धड पोचत नाही," ती सांगत होती. "मला जमलं तेवढं मी वर आले. आता थोडं तुम्ही खाली या."

तंत्रज्ञाने भिंतीवरचा पाना काढला. मग परत येऊन माइक तोंडाशी धरला.

"येतो," तो म्हणाला. "आणि पहिल्या बोटीने तिकडेही येतो. छप्पर घालायला जावयाला एकट्याला जमायचं नाही."