छतावरच्या सळया

वीस वर्षांपूर्वी आम्ही घराच्या छतावर सळया मोकळ्या सोडल्या होत्या. लेकाचं, तोमाचं, लग्न झालं की वरचा मजला त्याचा. तो म्यूनिकलाच रमला, म्हणून आता तिथं सुट्टीत भाड्याने राहणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधकाम काढलंय.

"एक मोठं घर की दोन लहान?" गवंड्याने विचारलं.

"दोन. झाग्रेबची जोडपीच येतात," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय? पोरंबाळं घेऊन येतात लोक. एकच मोठं!" नवरा, श्पिरो, म्हणाला.

तासाभराने तो दोनवर आला आणि मी एकवर.

"काकू, डोकं फिरेल माझं! निदान नव्या छतावर तरी सळया सोडायच्या नाहीत ना?"

आम्ही दोघं एकदमच ओरडलो, "सोडायच्या! त्यावरचा मजला तोमाचा आहे."