हरला तो उठला

"ऊठ," पेंटर म्हणाला. सायकलवाला निमूट उठला आणि त्याच्या जागी टेलर बसला. सायकलच्या दुकानामागच्या खोलीत, जुन्या टायरांच्या मधे मांडलेल्या कॅरमचा एकच नियम होता: हरला तो उठला. दुकानं बंद झाली की हे तिघं मित्र तिथं जमत, आणि अलीकडे पेंटर काही खुर्ची सोडत नव्हता.

"तू आपली पंक्चरं काढ," त्यानं सायकलवाल्याला चिडवलं. "हा तुझा प्रांत नाही."

सायकलवाला हसला. त्याच्या मते दिवसभर राबलेल्या माणसानं तासभर कुठंतरी बसावं, चार शब्द बोलावेत; जिंकणं-हरणं नुसतं तोंडी लावायला. पेंटरला हे मुळीच पटत नसे. खेळ म्हणजे खेळ. जिंकायला यायचं, नाहीतर घरी बसायचं. गेल्या वर्षी बायको वारल्यापासून तर तो या एका खेळावर तगून होता. पाट्या रंगवताना अक्षरं वाकडी जात, घरी दूध उतू जाई, बिछान्यावर पडलं तरी डोळा लागत नसे. इथं मात्र तो रोज जिंकायचा. आपल्याला अजून काहीतरी जमतं, एवढ्या आधारावर तो दुसऱ्या दिवशी अंथरूण सोडायचा.

टेलरचं वेगळंच होतं. त्याचं डोकं दगा देऊ लागलं होतं. सकाळी घेतलेलं माप दुपारी विसरायचा, शेजाऱ्याचं नाव विसरायचा. मुलानं त्याला शेवटी मशीनवरून उठवलं होतं. कॅरमवर मात्र त्याचा नेम होता तसाच होता.

डाव रंगला. शेवटी टेलरची एकच सोंगटी उरली, तीही भोकाच्या तोंडाशी. फुंकर मारली तरी पडली असती. टेलरनं स्ट्रायकर लावला, बोट ताणलं आणि तो थांबला. काहीतरी आठवल्यासारखी त्यानं मान वळवली.

"ही घालायची नाही ना रे?" त्यानं सायकलवाल्याला विचारलं. "पेंटरला उठवायचं नाही, असं तूच सांगितलंयस ना?"

सायकलवाल्यानं पावडरचा डबा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"कधीपासून?" पेंटरनं विचारलं.

"वर्ष झालं असेल," सायकलवाला खाली बघत म्हणाला. "तुझी अवस्था बघवत नव्हती."

सोप्या सोंगट्या हुकवणारा सायकलवाला पेंटरला आठवला, आणि आपण उडवलेली त्याची टरही. धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू करून खेळायला घ्यावं, तसं या दोघांनी त्याला घेतलं होतं. त्याला राग आला, लाज वाटली, आणि त्याहून जास्त रडू आलं.

तो उठला. चपला पायांत सरकवल्या. उद्यापासून इथं पाऊल ठेवायचं नाही, हे त्यानं ठरवून टाकलं. सायकलवाला त्याला अडवायला पुढं झाला.

टेलरला यातलं काहीच कळलं नव्हतं. तो मायेनं हसला.

"जाऊ दे रे त्याला," तो म्हणाला. "वहिनी जेवायच्या थांबल्या असतील."

सायकलवाल्यानं डोळे मिटून घेतले. पेंटर दारातच थबकला. खरं काय ते सांगायला त्यानं तोंड उघडलंही होतं. पण टेलरचा चेहरा निर्धास्त होता. त्या एका डोक्यात ती अजून जिवंत होती, ताटं मांडून बसली होती. पेंटरनं चपला काढल्या आणि तो परत येऊन टेलरसमोर बसला.

"आज ती म्हणालीय, उशीर झाला तरी चालेल," तो म्हणाला. "घाल ती सोंगटी."